होडीइतकाच ट्रेलरही बघून घे

सोलापूर,
ऑक्टोबरअखेर

प्रिय बाळ्या,

पत्र आणि होडीचे फोटो दोन्ही मिळाले. एकोणीस फुटी, वर ओढून घेता येणारी कील (तळाखालचं वजनदार पातं), दोघांना पाय पसरून झोपता येईल एवढी केबिन. कॉलेजात असल्यापासून आपण जिच्याबद्दल बोलायचो, अगदी तीच. फार आनंद झाला. पण ट्रेलरचं तू एका ओळीत उरकलंयस: "तुमच्याकडे ट्रॉल्या बनवणारे गल्लोगल्ली आहेत, एखाद्याकडून स्वस्तात करून घे." लेका, त्या ओळीसाठीच हे लांबलचक पत्र.

आधी आपण होडी घालणार त्या उजनी धरणाचं समजून घे. धरणाचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरला जाणारा तळचा साठा. पाऊस चांगला झाला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि बऱ्याच उन्हाळ्यांत "उजनी मायनसमध्ये गेली", म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं, अशी बातमी येते. काठ सपाट असल्यामुळे पाणी उतरलं की ते काठापासून लांबच लांब जातं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याच्या पृष्ठभागालगत येतात. दिवाळीत जिथे होडी बांधशील तिथे मे महिन्यात भेगाळलेली जमीन असेल. म्हणजे इथे होडी पाण्यात ठेवायची सोयच नाही. ती ट्रेलरवर राहणार, ट्रेलरवरून येणार-जाणार, आणि पाण्यात असेल त्यापेक्षा जास्त काळ ट्रेलरवर असणार. होडी निवडायला तू दोन वर्षं घालवलीस, तर ट्रेलरला निदान दोन महिने दे.

आता वजन. माहितीपत्रकात होडीचं वजन सातशे किलो लिहिलंय ते रिकाम्या होडीचं. त्यात आउटबोर्ड (मागे लावायचं इंजिन), पेट्रोल, बॅटरी, नांगर आणि साखळी, शिडं, पिण्याचं पाणी, भांडीकुंडी, लाइफ जॅकेटं धर. सहज नऊशेवर जाशील. वर ट्रेलरचं स्वतःचं तीनएकशे. म्हणजे गाडीमागे बाराशे किलो. अंदाजाने चालू नकोस. आपल्या जिल्ह्यात उसामुळे वजनकाट्यांना तोटा नाही. सामान भरून होडीसकट ट्रेलर काट्यावर घाल आणि पावती घे. ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेली कमाल मर्यादा त्या आकड्यापेक्षा चांगली दीड-दोनशे किलोंनी जास्त हवी. तुझ्या गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची मर्यादा दिली असेल तर ती वाच. दिली नसेल तर कंपनीला लेखी विचार.

आणि ब्रेक. युरोपात ७५० किलोंच्या वर बिनब्रेकचा ट्रेलर ओढता येत नाही. आपण बाराशेवर आहोत, त्यामुळे ब्रेक नसलेला ट्रेलर मी घेऊ देणार नाही. ओव्हररन ब्रेक साधे असतात: गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्याच दाबावर त्याचे ब्रेक लागतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर गळीत हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने खचाखच भरून चाललेल्या असतात, कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो. अंधारात अशी ट्रॉली अचानक समोर आली की मागचे बाराशे किलो कुठे जाणार, याचा विचार करून बघ.

स्वस्त ट्रॉलीला माझा नकार कशासाठी, तेही सांगतो. टेंभुर्णी-मोहोळकडचे कारागीर वेल्डिंगला पक्के आहेत, त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे. पण ट्रॉली वीस-पंचवीसच्या वेगाने दहा टन ऊस न्यायला बनलेली. तिचे स्प्रिंगचे पाटे इतके ताठ की नऊशे किलोंच्या फायबरच्या होडीखाली ते हलतच नाहीत, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ होडीच्या तळाला बसतो. दुसरं, पासिंग. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते आणि ती मान्यता असलेल्या बनावटीच्या ट्रेलरचीच होते. कागद नसतील तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करील.

म्हणून मी पुण्याजवळ एक वापरलेला ट्रेलर बघून आलो. गॅल्व्हनाइज्ड, एका एक्सलचा, ब्रेकसकट, कागद पूर्ण. एक चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं: किंचित सैल होतं. हाताने फिरवलं तर आतून वाळू रगडल्यासारखी खरखर आली. बेअरिंग संपलंय, पण ते बदलता येतं. टायरवरचा चार आकडी शिक्का १४१७ होता, म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बारीक चिरा. सोलापूरच्या बेचाळीस डिग्रीत तो फुटायचाच. दोन्ही टायर आणि स्टेपनी नवी, दोन्ही हबांची (चाकाच्या मधल्या तुंब्यांची) बेअरिंग आणि सील नवे, एवढं धरूनच भाव कर. सांगाडा मात्र उत्तम आहे. उघडं चॅनल असल्यामुळे आत-बाहेर सगळं दिसतं. रंग दिलेला बॉक्स पाइप वरून झकास दिसतो आणि आतून गंजत जातो. कोकणात खाऱ्या पाण्यात एकदा बुडवलास की ते कळायलाही मार्ग नाही.

त्या ट्रेलरला होडी टेकवायच्या लाकडी पाट्यांऐवजी रोलर आहेत, हे आपल्या पथ्यावर पडलं. काँक्रीटचा नीट उतार असेल तर पाट्या बऱ्या, वजन सगळीकडे सारखं पसरतं. उजनीला मात्र काठ सपाट आणि खाली काळी माती. पाट्यांवरची होडी तरंगायला ट्रेलर खोल न्यावा लागेल आणि तोवर गाडी चिखलात बसेल. रोलरवरून होडी कमी पाण्यातही सरकते. तरीही पुढे लांब ड्रॉबार (ओढायचा दांडा) जोडून घे, आणि गाडीच्या हुकावर बसणाऱ्या बॉल कपलिंगशिवाय ट्रॅक्टरच्या पिनेला बसेल असं एक कडंही. काठावरच्या कुठल्याही गावात ट्रॅक्टर मिळतो, क्रेन नाही मिळत.

सगळ्यात जिवावरची गोष्ट म्हणजे गाडीच्या हुकावर येणारा ट्रेलरचा भार. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के, आपल्याला ऐंशी ते शंभर किलो, हुकावर आला पाहिजे. कमी पडला तर साठच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ते हलणं वाढतच जातं. फार झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि स्टिअरिंग हलकं होतं. मोजायला घरातला वजनाचा काटा पुरतो: ट्रेलर सपाट जागी आडवा ठेवून कपलिंगखाली काटा आणि मध्ये लाकडी ठोकळा. आकडा जमेपर्यंत विंचचा (होडी ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब पुढे-मागे सरकव, आणि जमला की तिथे रंगाने खूण कर. पुढे कधी बॅटरी किंवा पाण्याचा कॅन हलवलास तर पुन्हा मोज.

सोलापूरहून टेंभुर्णीपर्यंत आलास की लगेच पाण्यात जाऊ नकोस. नव्वदएक किलोमीटर धावलेले हब गरम असतात. तसेच थंड पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी, गाळ आत ओढला जातो. बेअरिंग मरतात ती अशीच. हबवर हात निवांत टेकेल इतका वेळ थांब. तेवढ्यात दिव्यांची पट्टी काढून ठेव आणि पट्टे सोड. विंचचा पट्टा मात्र होडी पाण्याला लागेपर्यंत सोडायचा नाही. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघ, हे तर मी दर वेळी ओरडून सांगणार आहे. पाणी उपसायच्या मोटारींना वीज नेणाऱ्या तारा काठापर्यंत गेलेल्या असतात आणि आपली डोलकाठी ॲल्युमिनियमची. डोलकाठी उभी केलेली होडी ट्रेलरवरून ढकलत नेताना एक माणूस फक्त तारांकडे बघायला हवा.

परवानग्यांचं मी बघतो. जलसंपदा विभागाकडे अर्ज द्यायचा आहे आणि इंजिन असल्यामुळे होडीची नोंदणीही लागेल. लाइफ जॅकेटं तू आण, चांगल्या प्रतीची, माणशी एक. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, ते आम्ही इथे कोणी विसरलेलो नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ दिसलं की होडी ट्रेलरवर घ्यायची, हे आत्ताच ठरवून टाकू.

तर आता तुझ्याकडून मला तीन मापं हवीत: नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) कीलच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर, कील वर घेतल्यावर खाली उरते ती उंची, आणि तळाची सर्वांत रुंद जागा. ती मिळाली की रोलर कुठे सरकवायचे ते त्या ट्रेलरवाल्याला सांगतो. विसार दिलेला नाही. पण तो फार दिवस थांबणार नाही, म्हणून मापं फोनवरच कळव. हुरड्याच्या दिवसांत होडी इकडे यावी असं फार वाटतं. वहिनींना नमस्कार सांग, आणि येताना त्यांनाही घेऊन ये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी होडीवर चार दिवस सहज टिकते.

तुझा,
दिल्या