रेघ पेन्सिलीची आहे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला. ‘बाबा, थोडी वर्षं थांबा, हा अंडाशयाचा कॅन्सर गाठ होण्याआधीच आम्ही स्कॅनमध्ये पकडू,’ एवढंच तू म्हणालीस. त्यावर मी जे बोललो, त्याचं नंतर लिहितो.

तुझा लेख शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. कॅन्सरपेशीवरच्या फोलेट रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटून चमकणारं औषध, सर्जनच्या नजरेतून सुटलेल्या गाठी त्याने दिसतात, २०२१ साली अमेरिकेत मंजुरी. शेजारच्या काकांना वाचून दाखवला. त्यांना ओ की ठो कळलं नाही, पण माझी छाती फुगली होती. पण मनू, ते चमकणं ऑपरेशनच्या टेबलावर! त्याच्या आधीचं काय?

हा आजार बऱ्याचदा गर्भनलिकेच्या टोकाला सुरू होतो, मिलिमीटरभर, हे तूच मला सांगितलंस. पेट स्कॅनला, म्हणजे पेशी जास्त साखर खातात तिथे उजळणाऱ्या त्या स्कॅनला, एवढं बारीक दिसत नाही. शिवाय पाळी चालू असलेल्या बाईचं निरोगी अंडाशयही त्यात कधीकधी उजळतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं तपासून पाहिली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. आणि तुला तेहतिसावं लागलंय. आईसारखा बीआरसीए१ या जनुकात दोष असेल तर पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान नलिका आणि अंडाशय काढायचा विचार करा, असं डॉक्टर सांगतात. त्या तपासणीसाठी रक्त दिलंस का?

झालं, पुन्हा लेक्चर. तुझ्याच विषयातलं तुलाच. माफ कर.

आई दोन घासांत पोट भरलं म्हणायची. ताट सारून तुझ्या वह्यांना कव्हर घालत बसायची. ॲसिडिटीच्या गोळ्या मीच आणायचो. चार महिने! तुझ्या परीक्षेपायी तिने डॉक्टर लांबवला, असं मी काल म्हणालो. खोटं आहे ते. ‘गॅस असेल’ असं म्हणणारा मी होतो.

दोष तुझ्यात नसेलही. शक्यता अर्धीअर्धी. नसला तर मी गप्प बसेन. असला तरी बसेन, तू काय ते ठरव. पण आधी रक्त दे.

तिच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे. बीआरसीए१ खाली मारलेली रेघ पेन्सिलीची आहे, नको असेल तर खोड. मूळ कागद निळ्या फाईलमध्ये, तुझ्याच कपाटात.

खोकला गेला का?

तुझा,
बाबा