बाबा, ती निळी वही काढून ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा आईशी बोलताना कळलं की बाबा, तुम्ही पैसे पाठवायचं ॲप मोबाइलमधून काढून टाकलंत आणि विजेचं बिल भरायला पुन्हा रांगेत उभं राहू लागलात. कारण ऐकून पोटात गलबललं. जुना दिवाण विकायला काढलात, घेणारा म्हणाला, 'पैसे येण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका', आणि चार हजार यायचे ते उलट गेले. महिनाभर हे मला सांगितलं नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

एप्रिल २०२० आठवतो? मी पुण्यात अडकलेली, तुम्ही मिरजेत. आई दुकानातून आलेल्या नोटांवर इस्त्री फिरवायची. किराणावाल्यानं अर्ध्या शटरवर कोड चिकटवला आणि तुम्ही मला व्हिडिओ कॉल लावून म्हणालात, 'शिकव.' एकेक पायरी निळ्या वहीत लिहून घेतलीत. पहिला एक रुपया मला पाठवलात आणि लगेच फोन करून विचारलंत, 'पोचला का?'

यूपीआय २०१६ पासून होतं, पण तुम्ही त्याला हात लावला नव्हता. मार्च २०२० मध्ये देशभरात त्यावरून सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले. एप्रिलमध्ये सगळंच बंद, त्यामुळे ते शंभर कोटींच्या आत आले. आणि ऑक्टोबरात दोनशे कोटींच्या वर गेले! त्यात तुमचं दूधवाल्याचं बिल होतं, आईच्या बीपीच्या गोळ्या होत्या. मला त्या आकड्याचं अजून कौतुक वाटतं ते त्यासाठी.

आई, तू पूजा झाली की 'आरोग्य सेतू' उघडून हिरवा रंग बघायचीस. साथ ओसरली, तू ते काढून टाकलंस. बरोबरच केलंस, त्याचं काम संपलं होतं. बाबा, तुमच्या ॲपचं काम संपलेलं नाही. ते भीतीनं गेलंय, म्हणून मला पटत नाही. गुडघे दुखत असताना उन्हात पाऊण तास उभं राहायचं, आणि तेही एका चोरामुळे?

वहीत मोठ्या अक्षरांत एवढंच लिहा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. हे त्या वेळी मीच तुम्हाला सांगायला हवं होतं. मी पाठवायचं शिकवलं आणि घ्यायचं राहून गेलं.

आता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. असं काही झालं की खरं तर लगेच करायचा असतो, पुढे गेलेले पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. महिना उलटलाय, तरी नोंद होऊ दे. बँकेतही लेखी अर्ज द्या. पेन्शनचं खातं ॲपला जोडायचं नाही. दुसऱ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवू आणि तेच जोडू.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. रविवारी सकाळी चहा झाला की बसू. आधी मी तुम्हाला एक रुपया पाठवेन. तुम्ही काहीही दाबायचं नाही, नुसतं तो खात्यात आलेला बघायचा.

आईनं गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
ताई