जुने संच मुके करण्याआधी

महोदय,

रेडिओ डिजिटल होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. एकाच फ्रीक्वेन्सीवरून अनेक केंद्रे देता येतात, खरखर जाते, दर कार्यक्रमामागे वीजही कमी लागते. प्रश्न आहे तो अॅनालॉग, म्हणजे जुन्या साध्या संचांवर ऐकू येणारे, प्रक्षेपण कधी आणि कसे बंद करायचे याचा.

माझ्या आईला आता फारसे दिसत नाही. ती अंगठ्याने जुन्या रेडिओचे बटण हळूहळू फिरवते, आवाज स्वच्छ झाला की थांबते. तिला पडदा लागत नाही, मेन्यू लागत नाही. प्रक्षेपण बदलले की तो संच नुसता खोका उरेल, कारण डिजिटल लहरी त्याला वाचताच येत नाहीत.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अॅनालॉग लहरी क्षीण झाल्या तरी खरखरीतून शब्द कळतात. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत सगळे छान, त्याखाली आवाज तुटतो आणि मग एकदम शांतता. वादळात, पुरात, वीज गेलेली असताना ही शांतता फार महाग पडेल.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम बंद केले, तेही टप्प्याटप्प्याने, एकेक प्रदेश घेत; अनेक लहान स्थानिक केंद्रे एफएमवर राहिली. निदान एवढा धीर तरी धरावा. दोन्ही प्रक्षेपणे काही वर्षे सोबत चालवावीत, लहरी घराच्या आत, जाड भिंतींमागे मोजाव्यात आणि नव्या संचांना हाताला कळेल असे फिरवायचे बटण ठेवावे.

– एक नियमित श्रोता