परतीचे सामान बांधण्याआधी मुलांचे कागद

संपादक महोदय,

परदेशातून कायमचे मायदेशी परतणाऱ्या तरुण कुटुंबांविषयी जे छापून येते, त्यात पगार, घर आणि कर यांचा हिशेब असतो. मुलांचे प्रकरण ‘लहान आहेत, रुळतील’ एवढ्यावर आटोपते. परतलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाचे आणि भाषेचे काम करताना आम्हाला अडचण नेमकी तिथेच दिसते. तिथे राहत असताना एका अर्जात झाले असते असे काम देश सोडल्यावर महिनोन्‌महिने लोंबकळते. म्हणून निघण्याच्या सहा महिने आधी आईवडिलांनी काय हाती घ्यावे, हे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात जन्मदाखल्यापासून. अनेक देशांत तो दोन प्रकारचा मिळतो. एक छोटा उतारा, त्यावर मुलाचे नाव आणि तारीख एवढेच. दुसरा पूर्ण नोंदीचा, त्यावर आईवडिलांची नावे आणि जन्मस्थळही. मूल कोणाचे हे सिद्ध करायला दुसराच लागतो. रुग्णालयाने दिलेला, बाळाच्या पावलांचे ठसे असलेला सुंदर कागद ही आठवण आहे, सरकारी नोंद नव्हे. पूर्ण नोंदीच्या निदान दोन प्रमाणित प्रती घ्याव्यात, कारण एखादे कार्यालय मूळ प्रत ठेवून घेते.

त्या प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावायचे सरकारी प्रमाणपत्र, करून घ्यावे. ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारातून आलेली ही सोय आज १२० हून अधिक देशांत चालते. ती कागदावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देते, आतल्या मजकुराची देत नाही. नावात चूक असेल तर अपोस्टिलनंतरही ती चूकच राहते. शिवाय ज्या देशाने कागद दिला, त्याच देशाचा नेमलेला अधिकारी ते देऊ शकतो. मायदेशातले कार्यालय किंवा वकिलात देऊ शकत नाही. बहुतेक कुटुंबे अडकतात ती इथेच. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी दुरुस्ती, मग नवी प्रत, मग अपोस्टिल आणि शेवटी भाषांतर. भाषांतर आधी करून घेतले तर अपोस्टिलचा मजकूर त्यात येत नाही आणि दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. दोहोंपैकी एक देश करारात नसेल, तर परराष्ट्र खाते आणि मग वकिलात अशी शिक्क्यांची साखळी पार करावी लागते. हाती असलेली माहिती ताजी आहे ना, हे पाहावे. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ला आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ला लागू झाला, त्यामुळे त्याआधी परतलेल्या ओळखीच्यांचा सल्ला तिथल्या कागदांना आता लागू नाही.

नावाचे स्पेलिंग जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेची नोंद आणि लसीचे कार्ड या चारही ठिकाणी अक्षर अन् अक्षर जुळवून पाहावे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात, त्यांत साध्या रोमन अक्षरांखेरीज दुसरे अक्षर बसत नाही. एखाद्या भाषेत अक्षरावर चिन्ह असेल तर ते तिथे गळते किंवा त्याजागी दोन अक्षरे येतात. मधले नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा प्रकार तर फारच आढळतो. दुरुस्ती करून घ्यायची ती नोंद करणाऱ्या कार्यालयातूनच, आणि तीही स्थानिक पत्ता हातात असताना.

परदेशात जन्मलेले मूल कोणत्या देशाचे नागरिक आहे, हे तिकिटे काढण्याआधी लेखी स्वरूपात माहीत हवे. काही देश जन्मभूमीवरून नागरिकत्व देतात, काही आईवडिलांवरून. काही ठिकाणी वकिलातीत ठरावीक मुदतीत नोंद न केल्यास पुढे वेगळी परवानगी काढावी लागते. आईवडिलांच्या देशात राहण्यासाठी मुलालाच व्हिसा लागतो, हे विमानतळावर कळणे फार महागात पडते. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन पुढे निघणार असतील, तर मागे राहणाऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ असावे. मुलांच्या बेकायदा स्थलांतराविषयी १९८०चा हेगचाच दुसरा करार आहे. दोघांनाही ताब्याचा हक्क असताना, एकाच्या संमतीवाचून १६ वर्षांखालील मुलाला राहत्या देशाबाहेर नेले, तर करारातल्या देशांत त्याला परत पाठवण्याचा अर्ज होऊ शकतो.

आता आरोग्याच्या नोंदी. लसीकरणाचे वेळापत्रक देशागणिक बदलते. क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत बीसीजी जन्मतःच देतात, कमी असलेल्या अनेक देशांत सरसकट देत नाहीत. गोवराची पहिली मात्रा कुठे नवव्या महिन्यात, कुठे वर्ष पूर्ण झाल्यावर देतात. ‘सगळ्या लसी झाल्यात’ असे तोंडी सांगून भागत नाही. डॉक्टरांकडून प्रत्येक मात्रेची तारीख आणि लस कोणत्या रोगांवरची, हे लिहून घ्यावे; नुसते कंपनीचे नाव दुसऱ्या देशात ओळखीचे नसते. तारखेत महिना अक्षरांत लिहून घ्यावा. ०४/०५ हे कुठे चार मे असते, कुठे पाच एप्रिल. दोन मात्रांमधले अंतर मोजताना या एका महिन्याने घोळ होतो. नोंद नसेल तर डॉक्टर बहुधा मात्रा मिळालीच नाही असे धरून ती पुन्हा देतात. मालिका अर्धवट राहिली असेल तर मात्र सहसा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, उरलेल्या मात्रा पूर्ण केल्या जातात. नियमित औषध असेल तर चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅममधले प्रमाण हवे. मधुमेह असलेल्या मुलाच्या बाबतीत रक्तातल्या साखरेचे एकक आवर्जून तपासावे: लिटरमागे मिलिमोलमधला आकडा १८ने गुणला की डेसिलिटरमागे मिलिग्रॅममधला मिळतो. ५.५ आणि ९९ ही एकच साखर आहे, आणि एकक न पाहता आकडा वाचणे धोक्याचे आहे.

सामानाविषयी थोडक्यात. मूळ कागद कधीही जहाजाच्या सामानात टाकू नयेत, ते हातातल्या पिशवीतच असावेत. ज्या उपकरणांवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे ती कुठेही चालतात. फक्त ११० किंवा १२० व्होल्टची इस्त्री वा मिक्सर २३० व्होल्टवर जळतो. तिथला मोबाइल नंबर लगेच बंद करू नये. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि घरभाड्याची अनामत व कराचा परतावा जमा व्हायला काही महिने जातात.

शाळेकडून काय घ्यायचे, हे शाळा सुरू असतानाच ठरवावे. सुट्टीत कार्यालय बंद असते आणि वर्गशिक्षक बदलून जातात. शाळा सोडल्याचा दाखला जिथे सक्तीने मागितला जातो तिथे पालक गोंधळतात, कारण अनेक देशांत असा दाखला द्यायची पद्धतच नाही. त्याऐवजी शाळेच्या छापील कागदावर मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शेवटच्या हजेरीची तारीख, पूर्ण केलेली इयत्ता असे लिहून सही-शिक्का घ्यावा. सोबत दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, गणिताच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि मुलाची एक-दोन वह्याही आणाव्यात. नव्या शिक्षकांना वहीतून जे कळते ते गुणपत्रकातून कळत नाही. मुलाला शिकण्यासाठी विशेष मदत मिळत असेल तर त्याचा पूर्ण अहवाल हवाच, नाहीतर सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात आणि तोवर मदत थांबते.

वर्ष कुठे जानेवारीत सुरू होते, कुठे एप्रिलमध्ये, कुठे सप्टेंबरमध्ये. वयाची अटही वेगळी असते. त्यामुळे अर्धे वर्ष पुढे किंवा मागे जाणे टळत नाही. आमच्या मते शंका असेल तेव्हा खालची इयत्ता घ्यावी, विशेषतः मुलाला नवी लिपी शिकायची असेल तर. वर्ष ‘वाया’ गेल्याचे दुःख पालकांना होते, पण वरच्या वर्गात बसवलेले मूल दोन भाषांमध्ये हेलपाटते आणि त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजते.

भाषेचा प्रश्न सर्वांत खोल आहे. घरी मातृभाषा बोलणारे मूल इथे आले की सहज चालेल, असा पालकांचा आणि शिक्षकांचाही समज असतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा यांत फरक दाखवला. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतके मूल साधारण दोन वर्षांत तयार होते. त्याच भाषेत विज्ञान-इतिहास समजून लिहिण्यात बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. परतलेल्या मुलाकडे बोली आधीच असते. ‘जेवायला ये’, ‘दप्तर कुठंय’ त्याला कळते. ‘बाष्पीभवन’, ‘अपूर्णांक’, ‘पुढीलपैकी योग्य पर्याय निवडा’ यांतले काहीच कळत नाही. बोलणे अस्खलित असल्यामुळे शिक्षकांना वाटते, मूल आळशी आहे.

यावर उपाय आहे, पण तो निघण्याच्या सहा महिने आधी सुरू करावा लागतो. रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. लिपी शिकवताना मुळाक्षरांच्या ओळीने न जाता मुलाच्या तोंडी असलेल्या शब्दांपासून सुरुवात करावी. शब्द ओळखीचा असेल तर अक्षर लवकर बसते. तीन महिन्यांनी त्याला येणाऱ्याच गणिताची शाब्दिक उदाहरणे मातृभाषेत वाचायला द्यावीत. गणित माहीत असते, त्यामुळे सगळे लक्ष भाषेवर राहते. दशांश चिन्ह आणि भागाकाराची मांडणीही याच वेळी दाखवावी. काही देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, आणि मुलाचे बरोबर उत्तर चूक ठरते.

तिकडची भाषाही टिकवावी. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाची भाषा न वापरल्यास आश्चर्य वाटावे इतक्या लवकर पुसते; वाचता येत असेल तर ती जास्त टिकते. रात्रीचे एक पुस्तक त्या भाषेतले ठेवले तरी पुष्कळ होते.

शाळांना आमची विनंती आहे. परतलेल्या मुलाला पहिले वर्षभर विज्ञान आणि इतिहास तोंडी विचारावा, प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी, आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे मोजावेत. पालकांनी पहिल्या आठवड्यात शिक्षकांना भेटावे, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पुन्हा भेटावे. सुरुवातीला पाहुणे, कौतुक, नवे घर यांत दिवस जातात. पोटदुखीच्या तक्रारी, शाळेला नकार, ‘आपण घरी कधी जायचं’ हा प्रश्न हे सगळे पुष्कळदा ते ओसरल्यावर येते. ज्याला आईवडील परदेश म्हणतात, ते त्या मुलाचे घर होते. तिथल्या एखाद्या मित्राशी आठवड्याची ठरलेली वेळ राखून ठेवावी, आणि पहिल्या वर्षात पुन्हा घर किंवा शाळा बदलू नये.

आपले,
परतलेल्या मुलांसोबत काम करणारे काही शिक्षक