नोवी सादच्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परक्या वडीलधाऱ्या माणसाला आपल्या सर्बियन भाषेत ‘चिका’ म्हणतात, हे आपणच मला सांगितले होते. आमच्याकडे त्या जागी ‘काका’ येतो, म्हणून तोच शब्द वापरतो आहे. हे पत्र मराठीत आणि सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच, की आपल्या नोवी सादच्या वोयवोदिना या फुटबॉल क्लबावरील माझा जो लेख मराठी वाचकांनी वाचला, तो आपण नसता तर चुकांसकट छापला गेला असता, आणि ही गोष्ट त्या वाचकांनाही ठाऊक असावी असे मला वाटते. आपल्यासाठी जर्मन अनुवाद सोबत जोडला आहे. पुण्यात हौसेने शिकलेले जर्मन मला उपयोगी पडले ते जर्मनीत नव्हे, तर डॅन्यूबकाठच्या नोवी सादमध्ये, उमेदीची वर्षे स्टुटगार्टच्या कारखान्यात घालवून घरी परतलेल्या आपल्यासारख्या माणसाशी बोलताना, याची गंमत मला अजूनही वाटते.

कार्यालयीन कामासाठी मी आपल्या शहरात दोन हिवाळे काढले. त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात क्लबाच्या काराजोर्जे मैदानाच्या पायऱ्यांवर बसून लेखाचा कच्चा मसुदा मी आपल्याला जर्मनमध्ये समजावून सांगू लागलो, तेव्हा पहिल्याच वाक्यावर आपण मला थांबवले होते. ‘बेलग्रेडच्या रेड स्टार आणि पार्टिझान या बलाढ्य क्लबांच्या सावलीत वाढलेला एक प्रांतिक क्लब’ असे ते वाक्य होते. आपण शांतपणे म्हणालात, “ते दोघे १९४५ सालचे, आणि आम्ही १९१४ सालचे. मग सावली कोणाची कोणावर?” ते वाक्य मी तिथेच खोडले, आणि पुढचे सारे लेखन त्या खाडाखोडीतून सुरू झाले.

नावाचा अर्थ आपण उलगडून दाखवला नसता, तर मी त्यावरून तसाच पुढे गेलो असतो. ‘वोयवोदा’ म्हणजे सेनानायक, सरदार. त्याचा मुलूख तो वोयवोदिना. १८४८ च्या उठावात हंगेरीतील सर्बांनी असा स्वतंत्र मुलूख मागितला, ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १८४९ मध्ये त्या नावाचा एक प्रांत निर्माण केला आणि १८६० मध्ये तो मोडीतही काढला. म्हणजे ६ मार्च १९१४ रोजी, नोवी साद ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलाखाली असताना, तिथल्या शाळा-महाविद्यालयांतील सर्ब मुलांनी अधिकाऱ्यांची नजर चुकवून क्लब स्थापन केला, तेव्हा वोयवोदिना नावाचा प्रांत नकाशावर नव्हताच. जो प्रदेश कागदावरून पुसला गेला होता, त्याचे नाव त्यांनी चेंडू खेळणाऱ्या अकरा जणांना दिले. आज सर्बियाच्या या स्वायत्त प्रांतात सर्बियनबरोबर हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुसिन याही भाषांना अधिकृत दर्जा आहे. त्या मुलांच्या मनातला मुलूख एवढा बहुभाषी होता की केवळ सर्बांचा, या माझ्या प्रश्नावर आपण खांदे उडवलेत आणि कॉफी मागवलीत. तेही उत्तरच होते, असे मी समजतो.

त्या वर्षी क्लब एकच सामना खेळला, तो कोविल्य गावात, शायकाश या संघाशी. तो त्यांनी ५-० असा जिंकला. पुढे सारायेवोत गोळ्या झाडल्या गेल्या, महायुद्ध सुरू झाले, आणि मैदान ओस पडले.

माझी दुसरी चूक रंगांची होती. लाल-पांढरा पोशाख पाहून तो रेड स्टारवरून घेतला असावा, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो प्रागहून आला. नोवी सादचे अनेक तरुण शिक्षणासाठी प्रागला जात, तिथे स्लाविया प्राग या क्लबाचे चाहते होत, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याच क्लबाच्या प्रेमापोटी वोयवोदिनाने ते रंग स्वीकारले. तिसरी चूक मात्र अधिक लाजिरवाणी होती. १९४५ नंतरच्या नोंदींत ‘स्लोगा’ हे नाव पाहून तो निराळाच क्लब आहे असे समजून मी सहा वर्षे गाळून टाकली होती. मातित्सा सर्प्स्का या संस्थेच्या ग्रंथालयात आपण माझ्या शेजारी बसून सिरिलिक लिपीतील वृत्तपत्रे एकेक ओळ वाचून दाखवलीत, आणि स्लोगा, म्हणजे एकोपा, हे नव्या राजवटीतील वोयवोदिनाचेच नाव होते व १९५१ मध्ये जुने नाव परत मिळाले, हे मला पटवून दिलेत. आपल्याला वाचायला जवळचा चष्मा लागतो आणि तो आपण घरी विसरला होता, हे मला निघताना कळले. त्याबद्दल क्षमस्व.

वोयवोदिनाचे तोझा वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्ह लीगमध्ये चार वेळा सर्वाधिक गोल केले, हे मी एका ओळीत उरकले आहे. आपण रागावला असाल. पण १९६६ ला मी जागा दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाचे विजेतेपद बेलग्रेडचे दोन क्लब, झाग्रेबचा दिनामो आणि स्प्लिटचा हायदुक यांच्याबाहेर कोठेही गेले नव्हते, ते १९६६ मध्ये प्रथमच वोयवोदिनाने मिळवले. प्रशिक्षक होते ब्रांको स्टांकोविच, आणि क्लबाच्या कारभाराची तांत्रिक बाजू पाहत होते शेजारच्या बेगेच गावचे वुयादिन बोश्कोव. हे दोघेही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या युगोस्लाव्ह संघात होते. त्याच संघाने तिथे भारताला १०-१ असे हरवले होते. भारताचे बरेच खेळाडू त्या वेळी अनवाणी खेळले, आणि तो पराभव जुन्या फुटबॉलप्रेमींना अजून बोचतो. मी हे सांगितले, तेव्हा आपण हसला नाहीत. आपण विचारलेत, “तो एक गोल कोणी केला?” अहमद खान यांचे नाव मी सांगितले, आणि आपण ते वहीत लिहून घेतलेत.

पुढच्या मोसमातील युरोपीय चषकाची हकिकत तर मी आपल्याच तोंडून तीनदा ऐकली. अॅटलेटिको माद्रिदशी दोन सामन्यांत निकाल लागला नाही, तेव्हा तिसरा सामना माद्रिदमध्येच झाला आणि वोयवोदिनाने तो जादा वेळेत ३-२ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत नोवी सादला स्टानिच यांच्या गोलामुळे स्कॉटलंडच्या सेल्टिकवर १-० अशी मात झाली. शाळकरी वयात वडिलांच्या खांद्याआडून आपण तो गोल अर्धाच पाहिला होता. मग ८ मार्च १९६७ रोजी ग्लासगोमध्ये, एकूण बरोबरी होऊन तिसरा सामना अटळ वाटत असताना, अगदी शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू कर्णधार बिली मॅक्नील यांनी डोक्याने जाळ्यात घातला. मे महिन्यात सेल्टिकने लिस्बनला चषक उचलला. त्यांच्या त्या प्रवासात सर्वांत अवघड गेलेला संघ नोवी सादचाच, हे आपले मत आहे; निकाल पुन्हा चाळल्यावर माझेही तेच झाले.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत झालो नाही, आणि लेखातही तसे लिहिले आहे. १९८९ मध्ये ल्युप्को पेत्रोविच यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबाने दुसरे विजेतेपद मिळवले आणि दोनच वर्षांत तेच पेत्रोविच आणि सिनिशा मिहायलोविच रेड स्टारच्या युरोपीय चषकविजेत्या संघात होते, याला आपण राजधानीची लूट म्हणता. पुढे दुशान तादिच, सर्गेय मिलिंकोविच-साविच हेही इथूनच परदेशी गेले. मला ती निव्वळ लूट वाटत नाही. पोरे घडवून जगाला देणे हा आता या क्लबाचा धंदा आणि स्वभाव दोन्ही झाला आहे, आणि त्याची सुरुवात सांप्दोरिया या क्लबाला १९९१ मध्ये इटलीचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या आपल्या लाडक्या बोश्कोव यांच्यापासूनच होते. ते २७ एप्रिल २०१४ रोजी नोवी सादमध्येच वारले आणि दहा दिवसांनी क्लबाने प्रथमच सर्बियन चषक जिंकला, हे सांगताना आपला आवाज बदलला होता. तिथे मी वाद थांबवला.

अंकाच्या दोन प्रती आणि आपण विश्वासाने दिलेले १९६६ च्या संघाचे छायाचित्र नोंदणीकृत टपालाने पाठवले आहे. क्लबाचे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून ‘वोज्वोदिना’ असे छापले जाणार होते, ते आपल्या उच्चाराप्रमाणे दुरुस्त करून घेतले. निघताना आपण गळ्यात घातलेला लोकरी मफलर पुण्याच्या हवेत फारसा वापरता येत नाही. डिसेंबरात पहाटे पर्वती चढताना तेवढा घालतो. परवा एका मुलाने तो पाहून विचारले, “रेड स्टार का?” त्याला उत्तर देता देता आम्ही वर पोहोचलो, तरी मी १९५१ पर्यंतच आलो होतो. उरलेले उतरताना सांगितले.

आपला नम्र,
पुण्याचा एक फुटबॉलप्रेमी