अण्णा, तुमच्या दोनशेपानी वहीबद्दल

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या कॅम्पच्या पाहुण्यांसाठी नेटच्या कूपनांचा नवा गठ्ठा घेऊन आलो तेव्हा तुम्ही आवणीच्या चिखलात होतात. बांधावरून हात केलात आणि पुन्हा वाकलात. समोर बसून आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही चहा पुढे करून विषय बदलला असता, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांनी वाचावं असं उघड लिहितोय, कारण भंडारदऱ्याच्या काठावर आज तंबूंची गर्दी आहे, प्रत्येकाला नेट हवंय, आणि माझ्यासारखी ते पुरवणारी पोरंही वाढली आहेत. तुमच्याकडून मला जे कळलं ते त्यांनाही कळावं.

मी राजूरहून पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "रात्री चालेल का?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. केबल आणणं शक्यच नव्हतं. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, चर खणायचा तर वनखात्याची परवानगी, आणि तेवढ्या लांबीचा खर्च एका कॅम्पच्या बिलातून निघणारा नव्हता. म्हणून बिनतारी लिंक: शेंडी गावाच्या बाजूला उंचावर एक डिश आणि पाण्याच्या अलीकडे तुमच्या छपरीवर दुसरी, मध्ये सरळ रेषेत चार किलोमीटर जलाशय. या डिश ज्यावर चालतात त्या पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला 2018 पासून वेगळा परवाना लागत नाही. मध्ये झाड नाही, इमारत नाही, समोरचा डोंगर लख्ख दिसतोय. यापेक्षा सोपी लिंक मी बांधली नव्हती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती उत्तम चाललीही.

मार्चपासून तुमचे फोन सुरू झाले. फोन तरी कसले, तुम्ही चढावरच्या वळणापर्यंत चालत जायचात, तिथे रेंजची एक काडी मिळायची, तिथून मला कळवायचात. मी दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवर यायचो, लॅपटॉप उघडायचो, सिग्नल उणे 58 (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). एकदम ठणठणीत. मी तुम्हाला म्हणालो, तुमच्या पाहुण्यांचे मोबाइल जुने असतील. मग म्हणालो, तुमची वीज कमी-जास्त होते. एकदा तर म्हणालो की तुमची माणसं राउटरला हात लावतात. अण्णा, हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तुमच्या घरच्या बायका-पोरांनी त्या पेटीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत, फक्त आत गेलात. आधी ज्यांचं नेट घेतलं होतं त्यांनी पैसे घेऊन वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं, हे तुम्ही मला सांगितलेलं होतं. मलाही हाकलून द्यायला तुम्हाला तेवढं कारण पुरेसं होतं.

मग मे महिन्याचा शेवट आला. काजव्यांचा हंगाम. वळवाचे दोन-चार शिंतोडे पडले की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं रात्री एका तालात उघडझाप करू लागतात आणि मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. तुमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या तीन आठवड्यांतला. नेमक्या त्या शनिवारी रात्री आठला लिंक पडली. लोकांच्या खिशात रोख नाही, मोबाइलवरून पैसे जाईनात. तुम्ही काय केलंत, तर वही काढली, प्रत्येकाचं नाव, गाडीचा नंबर आणि रक्कम लिहिली आणि म्हणालात, "घोटीला पोचलात की पाठवा." नंतर मी विचारलं तेव्हा कळलं की सगळ्यांचे पैसे आले होते.

रविवारी सकाळी मी मान खाली घालून आलो. तुम्ही तीच वही माझ्यापुढे उलटी करून ठेवलीत, मागच्या बाजूने. दोनशेपानी, शाळेची, कोपरे दुमडलेले. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी कालव्यांना पाणी सोडलं, की धरणाचं पाणी उतरतं आणि तसे गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर तंबू खाली सरकवावे लागतात, त्याच्या नोंदी तुम्ही वर्षानुवर्षं ठेवत आला आहात. ते पान मला अजून डोळ्यांपुढे दिसतं:

"14 एप्रिल. पाणी बाभळीच्या बुंध्याखाली 2 हात. तंबू 3 ते 7 खाली नेले. नेट रात्री 9 पासून नाही."

"19 एप्रिल. पाणी आणखी 2 हात खाली. नेट चांगलं."

"23 एप्रिल. आवर्तन चालू. नेट नाही. दुपारी वारा सुटल्यावर आलं."

तुम्ही म्हणालात, "आवर्तन सुटलं की तुझं नेट जातं. आणि वारा पडला की जातं. का ते तू सांग, शिकलेला तू आहेस."

अण्णा, मी तिथेच खाली बसलो. कारण त्या दोन ओळींत सगळं होतं. डिशचे तरंग एक तर सरळ येतात आणि दुसरे पाण्यावर आपटून येतात. दोन्ही जुळले तर सिग्नल वाढतो, उलटे पडले तर एकमेकांना मारतात. त्या तरंगाची लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, त्यामुळे पाणी मीटरभर उतरलं तरी जुळणारं बिघडतं आणि बिघडलेलं जुळतं. म्हणून चार दिवस नेट आणि चार दिवस नाही. दुपारी वाऱ्याने पाण्यावर लाटा उठतात, परतणारा तरंग विखुरतो, सगळं सुरळीत. रात्री पाणी आरशासारखं होतं आणि तो आरसाच घात करतो. मी रोज दुपारी यायचो. तुम्ही रोज रात्री बघत होतात. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण 1926 सालचं, त्यातलं पाणी आवर्तनाने खाली प्रवरेच्या कालव्यांना जातं, हे मी शाळेत शिकलो होतो. ते माझ्या कामाशी कधी जोडलं नव्हतं.

उपाय करायलाही तुम्हीच जागा दिलीत. डिश काठावरून उचलून मागे गोठ्याजवळ न्यायची, म्हणजे मधला उंचवटा पाण्यावरून येणारा तरंग अडवेल आणि समोरचा डोंगर मात्र दिसत राहील. तिथे तुमच्या कडब्याची गंज होती. ती तुम्ही आणि तुमच्या मुलाने दोन तासांत हलवलीत. डिशसमोर हिरड्याची एक फांदी येत होती. मी कोयता मागितला. तुम्ही म्हणालात, "फांदीला हात लावायचा नाही. याच झाडाला काजवे लागतात, लोक याच्यासाठीच येतात. तुझा खांब सरकव." खांब पंधरा फूट सरकवला. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ तुम्ही स्वतः भरलंत. अंधार पडल्यावर राउटरचे हिरवे-निळे दिवे मोरीपर्यंत चमकताना दिसले, तेव्हा त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावायला लावलीत. आता मी कुठल्याही कॅम्पवर पहिल्या दिवशीच ती पट्टी लावतो.

त्या रात्री आठ वाजले, नऊ वाजले, साडेदहा वाजले. वारा नव्हता, पाणी अगदी निवांत. सिग्नल उणे 61, जागचा हलला नाही. तुम्ही बाकड्यावर बसून विड्या ओढत माझ्याबरोबर जागत होतात.

आणखी एक. पाहुण्यांची ओळख पटवायला मी मोबाइलवर ओटीपी पाठवायची सोय केली होती. जिथे रेंजच नाही तिथे ओटीपी येणार कसा, हे तुमच्या सूनबाईंनी दोन मिनिटांत दाखवून दिलं. तंबू देताना ओळखपत्र पाहून रजिस्टरमध्ये नोंद होतेच, त्याच वेळी छापील कूपन हातात द्यायचं, ही पद्धत त्यांची. त्यांनाही माझे आभार सांगा.

आणि रेशनच्या मशीनचं. रेंज मिळून अंगठा लागावा म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकडी चढायचा आणि मागे म्हाताऱ्या माणसांची रांग. तुम्ही बिल देताना म्हणालात, "माझ्याकडचा वेग थोडा कमी कर, पण दुकानाला एक वायर दे. त्याचे पैसे माझ्यात धर." ते पैसे मी धरलेले नाहीत आणि धरणार नाही. त्यावर वाद घालू नका.

त्या हंगामात दोन शेजारी कॅम्पवाले माझी जोडणी काढायला निघाले होते. पोरगा रात्री येऊन बसतो, त्याला वेळ द्या, असं तुम्ही त्यांना सांगितलंत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या घरचा त्या वर्षीचा दिवाळीचा बाजार त्या वाक्यावर झाला.

धरण भरत आलंय. पंधरा ऑगस्टच्या आसपास पुन्हा एकदा रात्रीचा येतो, भरल्या पाण्यावर सिग्नल बघायचाय. येताना नवी दोनशेपानी वही आणतो. जुनीची सगळी पानं मला झेरॉक्स करून हवीत, काठावर आणखी तीन लिंक बांधायच्या आहेत.

तुमचा,
राजूरचा नेटवाला