अभ्यासकांच्या भाषेलाही पुरस्कार

संपादक महोदय,
जर्मनीत डार्मस्टाटची भाषा आणि साहित्य अकादमी 1964 पासून सिग्मंड फ्रॉइड पुरस्कार देते, तो कविता-कादंबरीला नाही तर अभ्यासकांच्या गद्याला, म्हणजे तत्त्वज्ञ, इतिहासकार, शास्त्रज्ञ किती छान लिहितात यासाठी. 1967 ला राजकीय विचारवंत हाना आरेंटला मिळाला आणि 1970 ला चक्क हायझेनबर्गला, क्वांटम फिजिक्सवाल्या माणसाला भाषेसाठी बक्षीस, मला हे फारच आवडलं! मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडचं नाव दिलंय तेही योग्यच, त्याला स्वतःला 1930 ला फ्रँकफुर्ट शहराचा, कवी गोएथेच्या नावाचा गोएथे पुरस्कार मिळालेला. शिवाय हा पुरस्कार तिथल्या साहित्यातल्या मानाच्या ब्यूखनर पुरस्कारासोबतच देतात, म्हणजे प्राध्यापक थेट कवी-कादंबरीकारांच्या मांडीला मांडी लावून बसतात. रविवार पुरवणीत यातल्या एकेकावर लेख द्या ना, प्लीज.
– एक वाचक, सांगली